फिदेलीनाचं माप

“एक चमचा! एका चमच्यानं आजवर कुणाचं ढुंगण वाढलंय का गं?”

“एका चमच्यानं नाही वाढत, आई. पण गल्लीतल्या प्रत्येक घरचा एकेक चमचा म्हणजे बादली होते, बादली!”

“हळू बोल! गुड फ्रायडे आहे. आज मोठा आवाज केला की देवाच्या जखमांना लागतो.”

“मी हळूच बोलतेय. ओरडतेयस तू.”

“मी ओरडत नाहीये, मी कुजबुजतेय! माझी कुजबुज अशीच आहे, जन्मल्यापासून ऐकतेयस!”

फिदेलीना हॉज आणि तिची आई दोन्या बेनीता स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या दोन बाजूंना पैलवानांसारख्या उभ्या होत्या. सान पेद्रो गावात वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी ‘दोन्या’ लावतात. मध्ये शेजारच्या दोन्या क्रिसेल्दाकडून आत्ताच आलेला घेवड्याच्या खिरीचा वाडगा वाफाळत होता. लाल घेवडा शिजवून, गाळून, नारळाच्या दुधात आटवलेला. आत रताळ्याच्या फोडी आणि बेदाणे, वर इवली इवली दुधाची बिस्किटं तरंगत. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत सान पेद्रोत ज्या घरी ही खीर शिजत नाही, त्या घरात कुणीतरी गेलेलं असतं किंवा जायच्या बेतात असतं. शिजली की ती वाडग्यांतून गल्लीभर हिंडते. आलेली खायची असते, आणि वाडगा आपल्या घरच्या खिरीनं भरून परत पाठवायचा असतो. वाडगा रिकामा गेला तर अपमान. खीर खाल्ली नाही तर त्याहून मोठा अपमान.

“तू खाल्ली नाहीस हे क्रिसेल्दाला कळलं ना, तर ती माझ्या मयताला यायची नाही.”

“मेल्यावर तुला काय फरक पडतो?”

“पडतो! मी पेटीतून बघणार आहे कोण आलं आणि कोण नाही.”

“आई, पुढच्या शनिवारी ती जीन्स मला लागली पाहिजे. तसूभर जास्त नाही, तसूभर कमी नाही. तोवर माझं माप आहे तिथंच राहायला हवं. एवढं एकच मागतेय मी देवाकडे.”

“देव आज क्रुसावर आहे, त्याला तुझ्या कमरेचं काय सांगतेस!”

फिदेलीनाच्या कमरेचं देवाला काही असो-नसो, बाकी पुष्कळ जणांना होतं. अर्ध्या खंडातल्या बाया तिच्या मापात उठत-बसत होत्या. त्यांना ते ठाऊक नव्हतं, इतकंच.

ऐन विशीच्या उंबरठ्यावर ती गावाबाहेरच्या जीन्सच्या फॅक्टरीत मागचे खिसे शिवायला लागली. त्या वेळी कपडे बेतायला परदेशातून एक प्लास्टिकचा पुतळा आलेला होता. पुतळा पुढून बाई होता आणि मागून भिंत. त्याच्यावर बेतलेल्या जीन्स दुकानांतून गठ्ठ्यांनी परत यायच्या. घालून बाई खाली बसली की कमरेमागे अशी फट पडायची की पोस्टमननं त्यात पत्र टाकावं. शेवटी कटिंग मास्तर अन्सेल्मो कंटाळला. बारका माणूस, डोक्यावर टक्कल, गळ्यात टेप. एका सकाळी तो शिलाईच्या लाईनीत शिरला आणि म्हणाला, “बायांनो, जरा उभ्या राहा आणि भिंतीकडे तोंड करा.”

बायांनी आधी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग हसत हसत उभ्या राहिल्या. फिदेलीनापाशी आल्यावर मास्तरनं एकदा टेप लावली, पुन्हा लावली, मग स्टुलावर बसून कपाळ पुसलं.

“सापडलं,” तो म्हणाला.

ही बातमी मास्तरच्या घरी मास्तरच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी त्याची बायको छत्री परजत फॅक्टरीच्या फाटकात हजर. तिनं फिदेलीनाला फिरवून फिरवून बघितलं, आणि छत्री खाली करत म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं. मलापण अशीच जीन्स करून द्या म्हणावं.”

तेव्हापासून फिदेलीना लाकडी चौरंगावर उभी. कापड आलं की तिच्यावर, नमुना आला की तिच्यावर, काही बदललं की परत तिच्यावर. या कामाला फिटिंग मॉडेल म्हणतात. त्यात चेहरा लागत नाही. लागतो तो दगडासारखा स्थिरपणा, आणि कुठं काय खुपतंय ते नेमकं सांगणारी जीभ. फिदेलीना मानेखाली दगड होती आणि मानेवर रेडिओ. गल्लीतली लफडी, आईची भांडणं, काल रात्रीची मालिका, सगळं सांगत उभी राहायची, आणि मध्येच त्याच सुरात, “इथं चावतेय.” मास्तर तिथं खडूची खूण करायचा. “इथं रुसलीय बघा.” खूण. “हां, आता हसली!” म्हणजे जमली.

“माझी मुलगी मॉडेल आहे,” असं दोन्या बेनीता बाजारात, चर्चमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, जिथं कान दिसेल तिथं सांगायची.

“मग फोटो कुठाय?” लोक विचारायचे.

फोटो होता. राजधानीच्या रस्त्यावर, टोलनाक्याच्या अलीकडे, तीन मजली उंच. पण त्यात जीन्स फिदेलीनाची आणि बाई दुसरीच. सोनेरी केसांची, मायामीहून विमानानं आणलेली. त्या फोटोच्या वेळी फिदेलीनाला मापासाठी सोबत नेलं होतं, त्यामुळे तिनं मागची बाजू पाहिली होती. जीन्स त्या पोरीला इतकी ढगळ होती की पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून आवळली होती. “पुढून राणी,” फिदेलीना गल्लीत येऊन सांगत सुटली, “आणि मागून धोबीघाट!” गल्ली आठवडाभर हसत होती. फिदेलीनाही हसली. पण बसमधून त्या फोटोजवळून जाताना ती शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून म्हणायचीच, “त्या मांड्या माझ्या आहेत बरं का.” माणूस उठून दुसऱ्या सीटवर जायचा.

एकदा तिनं ऑफिसात विचारलंही होतं, माझाच काढा ना फोटो. तिथला साहेब गोड बोलला. म्हणाला, “बाई, तुमचा रंग फोटोत नीट उतरत नाही.”

“आरशात तर झकास उतरतो,” फिदेलीना म्हणाली. “आरसा कुठल्या कंपनीचा ते सांगू का?”

साहेब हसला. फोटो काही निघाला नाही.

मधल्या काळात दुनिया बदलली. पूर्वी सान पेद्रोत परदेशी माणसं यायची ती बेसबॉलची पोरं हेरायला. आता पोरी हेरायला येऊ लागली. काळ्याभोर, उंच, लांब मानेच्या पोरी, ज्यांना शाळेत बगळा म्हणून चिडवलं होतं. समोरच्या दोन्या ओतिलियाची नात यानेल्बा अशीच पाव आणायला गेलेली हेरली गेली आणि थेट मिलानला पोचली. तिचे फोटो मासिकांत येतात आणि ओतिलिया ते फ्रिजवर चिकटवते. फ्रिजचं दार आता नीट लागत नाही. फिदेलीनाला त्याचा कोण आनंद! पण ती चाळिशीची, बुटकी, भरल्या अंगाची. तिला हेरायला कोण येणार?

आली, ती इवेलिसे. राजधानीत कपडे डिझाईन करणारी, तिशीची, फिदेलीनापेक्षाही दोन छटा काळी, डोक्यावर केसांचा भला मोठा ढग. तिला तिच्या कपड्यांसाठी याच फॅक्टरीत जीन्स शिवून हव्या होत्या. मास्तरनं नमुना दाखवला तसा तिनं तो दोन्ही हातांत धरला.

“शाळेत असताना आईनं मला ही जीन्स घेतली होती,” ती म्हणाली. “आयुष्यात पहिल्यांदा खाली बसले आणि मागे हात न्यावा लागला नाही. कुणाच्या मापाची आहे ही?”

मास्तरनं चौरंगाकडे बोट केलं. चौरंगावर फिदेलीना शेजाऱ्याच्या मेव्हण्याचं दुसरं लग्न सांगत होती.

इवेलिसेनं ते लग्न अर्ध्यापर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माझ्या शोमध्ये शेवटची एन्ट्री तुमची. एकटीची.”

फिदेलीनाच्या आयुष्यात पहिल्यांदाच गोष्ट अर्धवट राहिली.

त्या एन्ट्रीसाठी इवेलिसेनं एकच जीन्स बेतली. गडद निळं, हातमागावर विणलेलं कापड, दोन्ही मांड्यांवरून खाली उसाच्या तुऱ्यांचं भरतकाम. कापड तेवढंच होतं, एक वीतही जास्त नाही. आणि शो चालवणारी सेन्योरा ओल्गा म्हणून होती, कडक इस्त्रीची बाई, तिनं आधीच बजावलं होतं: मॉडेल एजन्सीची एक पोरगी राखीव ठेवलीय, जीन्स या बाईंना लागली नाही तर ती घालेल, मागून चिमटे लावू.

चिमटे! हा शब्द ऐकल्यापासून फिदेलीना पाण्यालासुद्धा मोजून तोंड लावत होती. गल्लीत तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. दृष्ट लागली तर? फक्त आईला सांगितलं होतं, आणि आईला गप्प ठेवणं हाच एक वेगळा उपास होता.

“...म्हणून म्हणते आई, या खिरीला मी हात लावणार नाही.”

“मग माझी तरी खाशील का? मी केलेली? पहाटे उठून—” दोन्या बेनीता थांबली. नाक वर केलं. “कसला वास येतोय?”

दोघींनी एकदमच चुलीकडे पाहिलं.

पातेल्यातली खीर मध्ये तांबडी आणि कडेनं काळी झाली होती. तळाशी जे होतं त्याला कोळसा म्हणतात. दोन्या बेनीता जमिनीवर बसली.

“करपली,” ती म्हणाली. या खेपेला तिची कुजबुज खरोखरची कुजबुज होती. “आता परत काय पाठवणार? बेनीताची खीर करपली! माझ्या थडग्यावर लिहितील गं!”

“कुणी लिहीत नाही.”

“क्रिसेल्दा लिहील! स्वतःच्या हातानं कोरील!”

तेवढ्यात दाराशी दोन्या ओतिलियाचा वाडगा आला. रममध्ये भिजवलेल्या बेदाण्यांचा घमघमाट. फिदेलीनानं तो घेतला, “देव बरं करो,” म्हणाली, आणि टेबलावर ठेवला. आता टेबलावर दोन वाडगे. एक क्रिसेल्दाचा, लवंगेच्या ठसक्याचा. एक ओतिलियाचा. फिदेलीनानं आईकडे पाहिलं. आईनं फिदेलीनाकडे पाहिलं.

“नाही,” आई म्हणाली.

“काय नाही? मी काही बोललेच नाही.”

“गुड फ्रायडेला असलं पाप? ... आपल्याकडचे वाडगे कुठायत? निळे काढ, निळे. वरची बिस्किटं बदल.”

क्रिसेल्दाची खीर ओतिलियाकडे गेली, ओतिलियाची क्रिसेल्दाकडे. दोन्ही बेनीताच्या घरची म्हणून. दोघीही मायलेकींचे आभार मानून आत गेल्या. फिदेलीनाला वाटलं, आपण फारच हुशार. खीर खावी लागली नाही, करपलेली दिसली नाही, सगळे खूश. एकच गोष्ट दोघींच्या ध्यानात आली नाही. क्रिसेल्दा आणि ओतिलिया या एकमेकींच्याही शेजारणी होत्या. त्यांनी एकमेकींना वाडगे आधीच दिले होते.

दुपारी फिदेलीनानं खिडकीतून पाहिलं तर ओतिलियाच्या ओट्यावर दोन खुर्च्या आणि खुर्च्यांमध्ये चार वाडगे. दोघी बाया आळीपाळीनं एकातून चमचा भरत होत्या, मग दुसऱ्यातून. मग एकमेकींकडे बघत होत्या. मग फिदेलीनाच्या खिडकीकडे.

“बघतायत,” आई पडद्याआडून म्हणाली.

“बघू देत.”

“काही बोलत नाहीयेत.”

“आज भांडायचं नसतं ना.”

“हसतायत गं.”

“हसतायत? मग मेलो आपण.”

सान पेद्रोत गुड फ्रायडेला पोरांनाही मारत नाहीत. दिवसभराचे गुन्हे लक्षात ठेवायचे आणि शनिवारी चर्चची घंटा वाजली की सगळं एकदम वसूल. त्या शनिवारी घंटा वाजली आणि गल्लीभर धपाट्यांचा आणि भोकाडांचा एकच गजर झाला. त्या गजरातूनच दोन्या क्रिसेल्दा आणि दोन्या ओतिलिया, नवे कपडे घालून, पावडर लावून, चालत आल्या.

“दोन्या बेनीता,” क्रिसेल्दा गोड आवाजात म्हणाली, “यंदा तुमच्या खिरीला माझ्या लवंगेचा वास कसा काय हो?”

“लवंग काय तुमच्या बापाच्या झाडाची? बाजारात सगळ्यांनाच मिळते.”

“आणि माझे बेदाणे?” ओतिलिया म्हणाली. “मी रममध्ये भिजवते. तुमच्याकडे रम कुठली? तुम्ही तर चर्चच्या दारू-विरोधी मंडळाच्या खजिनदार!”

“खोकल्यासाठी ठेवते थोडी!”

“मागच्या अंगणात ते काळं पातेलं भिजत घातलंय, त्यालाही खोकला झालाय का?”

दोन्या बेनीताचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. फिदेलीना पुढे झाली. आईला असं उघड्या तोंडानं उभं राहिलेलं तिला बघवेना.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मला खायचीच नव्हती.”

रडणारी पोरंसुद्धा ऐकायला थांबली.

“माझी खीर... खायची नव्हती?” क्रिसेल्दानं छातीला हात लावला.

“तुमची नाही, कुणाचीच नाही! पुढच्या शनिवारी राजधानीत शो आहे. मी चालणार आहे रॅम्पवर. एकटी. शेवटची. जीन्स माझ्या मापाची आहे, आणि ती लागली नाही तर चिमटे लावून दुसरी कुणी घालणार आहे. म्हणून खात नव्हते. झालं? झालं तुमचं समाधान?”

ओतिलिया कडाडली, “आणि हे तू आम्हाला सांगितलं नाहीस?”

“दृष्ट—”

“आमची दृष्ट? तुझं बारसं मी जेवलेय! तुझे पहिले केस माझ्या मांडीवर कापलेत! आणि तू रॅम्पवर चालणार हे मला भांड्यावरून कळणार?”

खिरीचा गुन्हा तिथंच माफ झाला, कारण त्याच्यापेक्षा हा फार मोठा निघाला. आणि मग क्रिसेल्दा एकदम खुर्चीत बसली आणि रडायला लागली, आणि रडता रडता हसायला, आणि ओतिलियानं फिदेलीनाला अशी मिठी मारली की ती जमिनीवरून उचलली गेली, आणि दोन्या बेनीता, जिला इतके दिवस बोलता आलं नव्हतं, ती रस्त्याच्या मध्यभागी उभी राहून ओरडली, “माझी मुलगी मॉडेल आहे! सांगत नव्हते? सांगत नव्हते मी?”

आनंद झाला की काय करायचं हे या गल्लीला एकच ठाऊक आहे. खायला घालायचं.

“दोन्या क्रिसेल्दा, नको. माप—”

“उपाशी बाई रॅम्पवर गेली तर लोक म्हणतील सान पेद्रोत खायला मिळत नाही. आ कर.”

“एकच चमचा हं.”

“एकच.” तो चमचा भाताच्या पळीएवढा होता. त्यानंतर ओतिलियाचा. पलीकडच्या घरचा. मग कोपऱ्यावरच्या बाईनं नारळाच्या रस्स्यातली मासळी आणली, कारण नुसतं गोड खाऊन पित्त होतं. मग कुणीतरी तळलेली केळी. फिदेलीनानं तोंड आवळून धरलं होतं, पण दर वेळी कुणीतरी असं काही बोलायचं की तिला हसू यायचं, आणि हसू आलं की तोंड उघडायचं, आणि तोंड उघडलं की चमचा आत. आणि खरं सांगायचं तर इतक्या दिवसांच्या उपासानंतर ती लवंग जिभेवर अशी फुलली की फिदेलीनानं डोळे मिटून घेतले आणि वाडगा स्वतःच हातात घेतला.

ईस्टरच्या रविवारी गल्लीचाच रॅम्प झाला. दोन्ही बाजूंना खुर्च्या. ओतिलियानं फोन झाडाच्या फांदीला बांधला आणि मिलानहून यानेल्बा पडद्यावर हजर झाली, हातात कॉफी, डोक्याला फडकं.

“मावशी, हसायचं नाही,” यानेल्बा म्हणाली. “नजर लांब, समोर. आणि पाय एका रेषेत.”

फिदेलीना चालली. नजर लांब, पाय एका रेषेत, चेहरा कडक.

“तोंड असं का केलंयस?” क्रिसेल्दा ओरडली. “कुणी मेलंय का?”

“मॉडेल अशाच चालतात. रागात.”

“मग तुझ्या आईलाच पाठव की! ती जन्मजात मॉडेल आहे.”

यानेल्बाच्या हातातली कॉफी सांडली. ती हसता हसता फोनच्या बाहेर गेली, आणि परत आली तेव्हा डोळे पुसत होती.

“मावशी,” ती म्हणाली, “हसा तुम्ही. मी म्हणाले ते विसरून जा. मला इथं येऊन चार वर्षं झाली, हसायला अजून कुणी सांगितलं नाही.”

फिदेलीनानं गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळण घेतलं, कमरेवर हात ठेवला, आणि टाळ्यांमध्ये कुणीतरी तिच्या तोंडात आणखी एक चमचा घातला.

सोमवारी मास्तरनं टेप लावली. लावली आणि तसाच वाकलेला राहिला.

“फिदे.”

“हं.”

“काय केलंस?”

“ईस्टर.”

मास्तरनं टेप उलटी करून पाहिली, झटकली, परत लावली. मग ती गळ्यात न टाकता जमिनीवर फेकली, जे त्यानं आजवर कधी केलं नव्हतं. निळी जीन्स मांड्यांवरून आली, कमरेपाशी आली, आणि बटण आणि काजाच्या मध्ये चांगली दोन बोटं जागा राहिली.

“चावतेय?” मास्तरनं विचारलं.

“चावत नाहीये. गिळतेय.”

इवेलिसे त्याच दिवशी राजधानीहून आली. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं सगळी हकीगत ऐकली, वाडगे, करपलेलं पातेलं, धपाटे, मिलान, आणि शेवटी इतकी हसली की चौरंगावरच बसली.

“कापड नाहीये, फिदेलीना,” ती म्हणाली. “एक पट्टीसुद्धा नाही. आणि सेन्योरा ओल्गा शनिवारी आत बघायला येणार. बटण लागलं तर तुम्ही, नाही लागलं तर ती पोरगी.”

“ती पोरगी या जीन्समध्ये दोनदा मावेल.”

“ते मला कळतं. ओल्गाबाईंना कळवायचं कसं?”

मास्तरनं जीन्स उलटी केली आणि शिवणी उसवायला घेतल्या. शिवणीत जी काही माया, दुमडलेलं जास्तीचं कापड, दाबलेली होती ती सगळी बाहेर काढली, अगदी धाग्याच्या काठापर्यंत. फिदेलीना आठवडाभर काकडी आणि पाण्यावर राहिली. गल्लीला तिनं घराच्या आत येऊ दिलं नाही. क्रिसेल्दा रोज दाराबाहेरून ओरडून विचारायची, “काय म्हणतेय कंबर?” आणि आतून फिदेलीना ओरडायची, “ऐकत नाहीये!” दोन बोटांचं दीड झालं. दीडाचं एक. आणि एकावर येऊन जे अडलं ते अडलंच.

शनिवारी संध्याकाळी राजधानीतल्या त्या मोठ्या हॉलच्या पडद्यामागे एवढी गडबड होती की पाय ठेवायला जागा नाही. उंच उंच काळ्या पोरी, कुणाच्या डोक्याला पगडी, कुणाचे केस चांदीच्या मण्यांत ओवलेले, एकमेकींच्या पाठीच्या चेन ओढत होत्या, एकमेकींच्या गालांना तेल लावत होत्या, ओरडत होत्या, गात होत्या. त्या सगळ्या लहानपणापासून फिदेलीनाच्या मापाची जीन्स घालत आलेल्या. इवेलिसेनं तसं सांगताच त्यांनी तिला घेरलं, आणि एकीनं तर सरळ तिच्या कमरेला हात लावून कपाळाला लावला, जसा चर्चमधल्या मूर्तीला लावतात तसा.

दोन्या बेनीताला कपडे सांभाळणारी बाई म्हणून आत घेतलं होतं. तिनं आल्याआल्या कपडे सोडून बाकी सगळं सांभाळायला घेतलं.

“श्वास सोड,” इवेलिसे म्हणाली. “सगळा. अजून. अजून!”

फिदेलीनानं पोट पाठीला नेऊन लावलं. मास्तरनं गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी कंबरपट्टी ओढली, एक पोरगी मागून गुडघा लावून उभी राहिली, इवेलिसेनं दातांत ओठ धरून बटण काजातून ढकललं. लागलं! पडद्यामागे जल्लोष. फिदेलीनानं “लागलं!” म्हणायला तोंड उघडलं, आणि मास्तर किंचाळला.

“बोलू नकोस! बोललीस की पोट येतं. पोट आलं की बटण जातं. शब्द नाही, फिदे! परत येईपर्यंत एक शब्द नाही!”

फिदेलीनानं डोळे मोठे केले. मान हलवली.

तेवढ्यात सेन्योरा ओल्गा आली. हातात फोन, कानात वायर, मागे ती एजन्सीची पोरगी आणि तिच्यामागे एकजण चिमट्यांचा डबा घेऊन.

“या बाईंना जरा वाकून दाखवायला सांगा.”

“वाकायचं कशाला?” दोन्या बेनीता पुढे आली. “रॅम्पवर काय भात लावायचाय?”

“तुम्ही कोण?”

“मी मॉडेलची आई. आणि कपड्यांची इन्चार्ज.”

“मग इन्चार्ज, बटणावर ताण दिसतोय. हे मधेच तुटलं तर पुढच्या रांगेतल्या लोकांच्या डोळ्यात जाईल. बाई, तुम्हाला नीट श्वास तरी घेता येतोय का?”

फिदेलीना तिच्याकडे बघत राहिली.

“यांना बोलता येत नाही का?”

“येतं,” मास्तर खालून म्हणाला. “फार येतं.”

“मग बोलत का नाहीत?”

“अहो, तिच्या जन्मापासूनचं सांगते,” दोन्या बेनीता म्हणाली, “ही पोरगी पोटातून बोलत बाहेर आली. आज पहिल्यांदा गप्प आहे. गुपचूप मजा घ्या!”

इवेलिसे मधे पडली. “सेन्योरा ओल्गा, बाहेर संगीत बदललंय. शेवटची एन्ट्री आहे.”

“म्हणूनच विचारतेय. या पोरीला घालायला अजून वेळ आहे.” एजन्सीची पोरगी मात्र मागे सरकली. तिनं चिमट्यांच्या डब्याचं झाकण लावलं आणि डबा पाठीमागे धरला.

बाहेर ढोल घुमू लागला. निवेदकानं नाव घेतलं, “सान पेद्रोहून, फिदेलीना हॉज!” आणि हॉलच्या मागच्या रांगांतून जी आरोळी उठली ती दोन्या क्रिसेल्दाची होती, ती कुठंही ओळखू आली असती. गल्ली बस करून आली होती.

“एक मिनिट,” ओल्गाबाईंनी हात आडवा घातला. “मला सरळ उत्तर द्या. बटण तुटलं तर तुम्ही काय करणार?”

दोन्या बेनीता मुलीकडे वळली. आता तिचा स्वतःचाच चेहरा उतरला होता.

“खरंच गं फिदे,” ती कुजबुजली, आणि अख्ख्या पडद्यामागं ते ऐकू गेलं, “तुटलं तर काय करशील?”

फिदेलीनानं आईकडे पाहिलं. ओल्गाबाईंचा आडवा हात दोन बोटांत धरून हलकेच खाली केला, हनुवटी वर केली, आणि दात दाखवून हसत पडद्यातून बाहेर चालत गेली.